हत्तीच्या पोटातली ऊब

शिट्टीबाईंच्या घरात त्या दिवशी सकाळपासून अशी धांदल उडाली होती, की येणारा पाहुणा निदान मंत्री तरी असावा असं शेजाऱ्यांना वाटावं. येणार होती ती नात. जन्माला येऊन जेमतेम आठवडा झालेला, नाव अजून ठरायचं होतं, आणि आज दुपारी दवाखान्यातून लेक तिला घेऊन थेट इथंच येणार होती. जावई फिरतीच्या नोकरीवर, तेव्हा पहिले काही महिने आईकडे, हे कधीच ठरलं होतं. त्यासाठी घराच्या मागच्या अंगाला एक नवी खोली बांधली होती आणि खोलीला लागून न्हाणीघर.

बाईंचं खरं नाव निराळं. पण शाळेत पोरांना खेळ शिकवण्यात जन्म गेला आणि गळ्यातली शिट्टी नावाला चिकटली. निवृत्तीच्या दिवशी शाळेनं भाषणं करून घरी पाठवलं, शिट्टी मात्र बाईंनी परत केली नाही. ती आता स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलेली असायची आणि नवऱ्याला गच्चीवरून जेवायला बोलावण्याच्या कामी यायची. बाईंचा स्वभाव असा, की बोलायचं ते तोंडावर आणि करायचं ते आत्ता. उद्यावर ढकललेली गोष्ट म्हणजे न केलेली गोष्ट, असं त्या पोरांना सांगत, आणि स्वतःही तसंच वागत.

नवरा अगदी उलट. दुकानांच्या पाट्या रंगवायचा धंदा. सगळे त्यांना पेंटर म्हणत, बाईही पेंटरच म्हणत. बोलणं कमी, ब्रश जास्त. नव्या खोलीची एक अख्खी भिंत त्यांनी नातीसाठी मागून घेतली होती आणि तिच्यावर हत्ती काढला होता. साधासुधा नव्हे. भिंतभर हत्ती, निळसर राखाडी, डोळ्यांत मिस्कील भाव, पाठीवर चिमण्यांची रांग. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुकानांची नावं रंगवली, मनासारखं काही काढायला मिळालंच नव्हतं. ती सगळी हौस त्या हत्तीत उतरली होती. काम संपलं त्या दिवशी पेंटर भिंतीसमोर नुसतेच बसून राहिले होते, आणि बाईंना त्यांचं इतकं कौतुक वाटलं की त्या चक्क गप्प बसल्या.

सगळं कसं छान झालं होतं. फक्त न्हाणीघरातला गिझर लावला, की खोलीतला दिवा डोळा मारायचा.

हे पहिल्या दिवसापासून चाललं होतं. बाईंनी धाकट्या भावाला फोनावर फोन केले होते, कारण खोली त्यानंच बांधली होती. भाऊ बांधकामाची कंत्राटं घ्यायचा. चांगला गलेलठ्ठ, मिशाळ, मजुरांवर ओरडणारा माणूस. पण बाई त्याला लहानपणापासून सोन्या म्हणत आणि मजुरांसमोरही सोन्याच म्हणत. सोन्याचं उत्तर दर वेळी ठरलेलं. कधी बाहेरूनच वीज कमी येतेय, कधी दिवाच हलका आहे, कधी ‘ताई, तू फार विचार करतेस.’ विजेचं काम त्यानं स्वतः केलं नव्हतं, ते दुसऱ्या एका वायरमनला देऊन टाकलं होतं. तो वायरमन बाईंनी कधी पाहिलाच नाही. खोली बांधली जात होती तेव्हा बाई लेकीकडे होत्या, डॉक्टरांनी तिला झोपून राहायला सांगितलं होतं म्हणून. पेंटर घरात होते, पण त्यांचं लक्ष रंगाच्या डब्यांत. भिंतीच्या आत काय चाललंय ते भिंतच जाणे.

सकाळी बाईंच्या आईचा फोन आला. आई सोन्याकडे राहायची. पणतीला बघायला ती इतकी उतावीळ झाली होती की फोनवर तिचा आवाज शाळकरी पोरीसारखा येत होता.

“पोहोचली की मला लगेच कळव हं. नाहीतर विसरशील, तुझं काय सांगता येतं,” आई म्हणाली.

“कळवते गं. तू बरी आहेस ना? पाठ काय म्हणतेय?”

“पाठ? अगं, सोन्यानं ही खोली करून दिल्यापासून पाठीची तक्रारच नाही बघ. दिवसभर गिझर चालू, गरम पाण्याची चंगळ. आणि दुपारी भिंतीला टेकून बसलं की अशी मोकळी होते पाठ. पोरगा गुणाचा आहे गं माझा.”

“आहे, आहे. माझ्या फोनला मात्र उत्तर देत नाही तुझा गुणाचा पोरगा,” बाई म्हणाल्या आणि हसून फोन ठेवून कामाला लागल्या. त्या बोलण्यात काही दडलेलं असेल असं तेव्हा त्यांच्या मनातही आलं नाही.

बाळाची दुपटी धुवायची म्हणून बाईंनी गिझर सकाळीच लावून ठेवला होता. खोलीत हत्तीच्या पोटाशी एक बुटकं कपाट ठेवलं होतं, कपाटाला लागून पाळणा. आणि त्या कपाटावर घरचा बोका पसरला होता. बाईंनी त्याला हाकललं. तो गेला आणि परत आला. पुन्हा हाकललं. पुन्हा आला. कित्येक दिवस हेच चाललं होतं. पेंटर म्हणायचे, त्याला कळलंय बाळ येणार ते, जळतोय बिचारा. बाईंना ते पटायचं. माणसं जळतात, तर बोक्यानं काय घोडं मारलंय.

पण आज बाई घडी केलेली दुपटी कपाटात ठेवायला वाकल्या आणि त्यांना दिसलं, की बोका कपाटावर नुसता झोपलेला नाही. त्यानं पाठ भिंतीला चिकटवली आहे. हत्तीच्या बरोबर पोटाला. आणि डोळे मिटून असा घुरघुरतोय, जसा चुलीपाशी बसलाय.

बाईंनी हात लावून पाहिला. भिंत कोमट होती. बाकी सगळी गार, आणि तेवढा तळहाताएवढा तुकडा चहाच्या कपासारखा. त्यांनी नाक जवळ नेलं. नव्या रंगाच्या वासाखाली दुसराच एक वास होता, जळक्या रबराचा.

त्यांनी न्हाणीघरात जाऊन आधी गिझर बंद केला. पाळणा त्या भिंतीपासून वीतभर अंतरावर होता. आठवड्याभराचं पोर तिथं झोपणार होतं आणि भिंतीच्या आत काहीतरी शिजत होतं. बाईंना आधी भीती वाटली, आणि मग आला तो राग. असा राग, की त्यांनी फोन लावला तेव्हा पलीकडून ‘हॅलो’ यायच्या आधीच बोलायला सुरुवात केली होती.

“सोन्या, आत्ताच्या आत्ता ये. आणि तुझ्या त्या अदृश्य वायरमनला घेऊन ये. नाही आलास, तर मी स्वतः भिंत फोडते.”

“ताई, आज? अगं, आज बाळ येतंय ना? आज कशाला…”

“आज येतंय म्हणूनच आज.”

ताईचा हा आवाज सोन्या लहानपणापासून ओळखत होता. त्याच्या पिकअप गाडीचा आवाज गल्लीत लवकरच ऐकू आला. मागच्या हौद्यात शिड्या, सिमेंटची पोती आणि मधे अंग चोरून बसलेला वायरमन. शेलाटा माणूस, कानामागे टेस्टर खोचलेला. उतरताना त्यानं घराकडे असं पाहिलं, जसं शाळेत उशिरा आलेलं पोर बाईंकडे बघतं.

“हाच का तो?” बाईंनी विचारलं.

“हाच. आणि ताई, आधीच सांगतो, याच्या कामात खोट निघायची नाही,” सोन्या आत येता येता म्हणाला. “अगं, माझ्या स्वतःच्या घरात काम यानं केलंय. आईची खोली यानंच केली, तुझ्या खोलीच्या बरोबरीनं. आईच्या खोलीत मी कच्चं काम करून घेईन का?”

बाई म्हणाल्या, “मग भिंत का तापते?”

वायरमननं बटणांची पाटी उघडली. आतलं काम बघण्यासारखं होतं. तारा सरळ, स्क्रू घट्ट, रंगाला रंग जुळलेला. सोन्यानं कमरेवर हात ठेवले आणि मान अशी डोलावली, की जणू ते त्यानंच केलंय. “बघ,” तो म्हणाला. “कुठं आहे खोट? भाऊजी, तुम्ही सांगा.”

पेंटर म्हणाले, “मला त्यातलं काय कळतं.”

“गिझर लाव,” बाई म्हणाल्या.

गिझर लावला. दिव्यानं डोळा मारला. सोन्या म्हणाला, गिझर मोठा आहे, एवढं चालायचंच. बाई म्हणाल्या, चालायचं असतं तर मी तुला बोलावलं असतं का? सोन्या म्हणाला, भिंतीला ऊन लागलं असेल. बाई म्हणाल्या, या भिंतीला ऊन लागलं तर सूर्य न्हाणीघरात उगवला म्हणायचा. शब्दाला शब्द वाढत गेला. सोन्यानं लहानपणीची कुठली कुठली भांडणं उकरून काढली, ताईला सगळ्यांच्याच कामात खोट दिसते, शाळेतही दिसायची, म्हणाला. बाईंना ते लागलं. पण त्या मागे हटल्या नाहीत, कारण एवढ्यात बोका दारातून आत आला होता.

कुणाकडे न बघता तो कपाटावर चढला, एक वळसा घेतला आणि पाठ हत्तीच्या पोटाला लावून बसला.

“हात लाव तिथं,” बाई म्हणाल्या.

सोन्यानं हात लावला. लगेच काढला नाही, ठेवून बघितला. मग मिशी चोळत म्हणाला, “थोडी कोमट आहे. पण ताई, त्यासाठी भिंत फोडायची? हा एवढा सुरेख हत्ती? भाऊजींनी एवढी मेहनत घेतली. बाळ घरात यायच्या दिवशी? दोन दिवसांनी बघू, भाऊजी बाहेरगावी असतील तेव्हा हळूच…”

तेवढ्यात लेकीचा फोन आला. दवाखान्यातून निघालो, म्हणाली. बाळ गाडीत बसल्या बसल्या झोपलं, आई, तू खोलीचे फोटो पाठवणार होतीस ना, हत्ती बघायचाय मला. बाईंनी ‘ये, ये, सावकाश ये’ म्हटलं आणि फोन ठेवला. वेळ संपत चालला होता. एकीकडे नात रस्त्यात, दुसरीकडे ही भिंत, आणि मधे नवरा, जो आता हत्तीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला होता.

बाई स्वयंपाकघरात गेल्या आणि हातोडी, छिन्नी घेऊन आल्या. वाटेत त्यांनी घराची मुख्य वीज बंद केली. सगळं घर एकदम मुकं झालं, फ्रीजसुद्धा.

“पेंटर, बाजूला व्हा,” त्या म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एरवीसारखा आला नाही. नवऱ्याचं काळीज फोडायला निघाल्यासारखं त्यांना झालं होतं.

पेंटर बाजूला झाले नाहीत. त्यांनी हात पुढे केला. “दे इकडे. माझा हत्ती आहे. दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.”

त्यांनी बोक्याला उचलून बायकोच्या हातात दिलं, कपाट सरकवलं, पाळण्यावर चादर टाकली. हत्तीच्या पोटावर तळहात ठेवून कोमट जागा चाचपली, पेन्सिलीनं तिच्याभोवती गोल काढला, अगदी नीट, आणि छिन्नी लावली. पहिल्या घावाला राखाडी रंगाचा टवका उडाला. दुसऱ्याला गिलावा. बाईंना बघवेना, पण त्या बघत राहिल्या. सोन्या म्हणाला, “भाऊजी, बास, काही नाहीये त्यात,” आणि नेमका तेव्हाच एक मोठा ढेकळासारखा तुकडा खाली पडला.

आत ना जोडाची डबी होती ना तारांची नळी. दोन तारा नुसत्या पिळून एकमेकींना जोडलेल्या, वर चिकटपट्टी, आणि त्यावर सरळ गिलावा थापलेला. चिकटपट्टी वितळून काळा डिंक झाली होती. तारांवरचं प्लास्टिक दोन्ही बाजूंनी जळून सुरकुतलेलं. आतलं सिमेंट काजळीनं काळं पडलं होतं. खोलीभर तो वास पसरला, आणि आता त्याला कुणी रंगाचा वास म्हणेना.

सोन्याचा आवाज फुटला, आणि तो फुटला वायरमनवर.

“अरे, हे काम म्हणायचं? भिंतीत जोड देतोस? उघडा? माझ्या बहिणीच्या घरात? तुला माणूस म्हणायचं की…”

“साहेब,” वायरमन म्हणाला.

“तोंड वर करून बोलू नकोस.”

“बोलायचं नव्हतंच मला, साहेब. पण ताईंच्या समोर माझी अब्रू काढताय म्हणून बोलतो. चूक माझी आहे. जोड मी दिला, डबी मी लावली नाही, कारण गिलावा करणारे दारात उभे होते आणि तुम्ही फोनवर म्हणत होतात, उरक, उरक. पण जोड द्यायची वेळ का आली? तुम्ही वायर दिलीत ती कशी दिलीत? सगळे तुकडे. इकडच्या कामावरून उरलेला, तिकडच्या कामावरून उरलेला. मी विचारलं, साहेब, गिझरची लाइन आहे, अखंड वायर द्या. तुम्ही म्हणालात, घरचंच काम आहे, त्याला कशाला नवीन बंडल फोडायचं.”

सोन्या नाही म्हणेल असं बाईंना वाटलं. तो नाही म्हणाला नाही.

“आणि बाहेरच्यांना?” बाईंनी विचारलं.

वायरमन खाली बघत म्हणाला, “बाहेरच्यांना नवीन. बाहेरचे तपासतात, ताई. भांडतात. घरचे काही बोलत नाहीत.”

बाई सोन्याकडे बघत राहिल्या. याला त्यांनी कडेवर फिरवलं होतं, याच्या वाटचा मार खाल्ला होता. आणि तो वाईटही नव्हता, हेच तर दुखत होतं. त्यानं मुद्दाम काही केलं नव्हतं. फक्त आपली माणसं कुठं जाणार आहेत, चालवून घेतील, अशी त्याची सवय होती. “म्हणजे मी परकी असते तर माझी नात सुखरूप झोपली असती,” त्या हळूच म्हणाल्या. “दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच का रे, सोन्या?”

बोका त्यांच्या हातातून सुटून खाली उतरला होता. तो कपाटापाशी गेला, फुटलेल्या भिंतीकडे बघून वैतागला आणि पेंटरांच्या पायाला पाठ घासू लागला. त्याला ऊब हवी होती. बाई त्याच्याकडे बघत होत्या, आणि एकाएकी त्यांना सकाळचा आईचा फोन आठवला.

भिंतीला टेकून बसलं की अशी मोकळी होते पाठ.

“आईची खोली,” त्या म्हणाल्या. “सोन्या, आईच्या खोलीत कुठली वायर घातली?”

सोन्यानं वायरमनकडे पाहिलं. “तेही घरचंच काम,” वायरमन म्हणाला. “त्याच तुकड्यांतलं.”

बाई आईला फोन लावत दाराकडे धावल्या. वाजत होता, कुणी उचलत नव्हतं. दुपारी आई फोन कुठंतरी ठेवून द्यायची आणि कानातलं यंत्र काढून डुलकी घ्यायची. भावजय कामावर. घरात आई एकटी, गिझर चालू, आणि पाठ भिंतीला. “पेंटर, पोरीची गाडी आली की तिला इथं उतरू देऊ नका, सरळ आईकडे पाठवा,” बाई ओरडल्या. “इथं सगळी धूळ आहे. आणि ती शिट्टी द्या.”

पिकअप गल्लीतून निघाली ती शिड्या खडखडावत. सोन्या चालवत होता, बाई शेजारी, वायरमन मागे पोत्यांवर. सोन्या एकसारखा बोलत होता. काही होणार नाही ताई, आपण पोहोचू, काही होणार नाही. घाम मिशीतून ओघळत होता. बाई म्हणाल्या, “बोलू नकोस, चालव.” त्यांना राग आठवत नव्हता. त्यांना फक्त आईची वाकलेली पाठ दिसत होती.

मोठ्या चौकात गाड्या अडकल्या होत्या. पुढे ट्रक, बाजूला बस, मागे सगळं जग. सोन्यानं हॉर्न दाबला, पण हॉर्न तर सगळेच दाबत होते. तेव्हा बाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं आणि शिट्टी फुंकली. शाळेच्या मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला धावणारं पोर जिच्या आवाजानं जागच्या जागी थांबायचं, ती शिट्टी. ट्रकवाल्यानं दचकून गाडी कडेला घेतली. बसवाल्याला वाटलं पोलीस. बाई हातानं बस मागे, गाडी डावीकडे, तू थांब, असं दाखवत होत्या, आणि लोक ऐकत होते. पिकअप त्या फटीतून निसटली. मागून वायरमन म्हणाला, “बाई, तुम्ही माझ्या शाळेत असायला हव्या होतात,” आणि बाईंना अशा वेळीही हसू फुटलं.

गाडी सोन्याच्या दारात थांबली. बाईंनी त्याच्याकडून किल्ली घेतली आणि दार उघडलं. वायरमन धावत जाऊन मुख्य बटणापाशी पोहोचला आणि त्यानं घराची वीज तोडली.

आई पलंगावर बसली होती. पाय लांब, पाठ भिंतीला, मान एका बाजूला कललेली, डोळे मिटलेले. खोलीत तोच वास होता.

“आई,” सोन्या म्हणाला. ती हलली नाही. तो गुडघ्यांवर बसला आणि लहान पोरासारखा तिच्या पायांना धरून हलवू लागला. “आई. ए आई.”

आईनं डोळे उघडले. आधी त्याच्याकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग दारातल्या वायरमनकडे. चाचपत कानातलं यंत्र लावलं.

“बाळ कुठंय?” ती म्हणाली.

बाई मटकन पलंगावर बसल्या आणि रडल्या. इतक्या रडल्या की आईच उलट त्यांना थोपटायला लागली. दोघांनी मिळून तिला उठवून पुढे बसवलं. जिथं तिची पाठ होती तिथं भिंतीवरचा रंग भाजलेल्या पावासारखा तांबूस झाला होता आणि बारीक फोड धरले होते. आईच्या शालीच्या मागच्या बाजूलाही तसाच एक डाग होता. सोन्यानं भिंतीला हात लावला आणि झटकन काढून घेतला.

“गिझर बंद केलात का रे?” आईनं विचारलं. “मग गार होईल ना ती भिंत. सोन्या, मला तुला सांगायचंच होतं किती दिवस. फार छान केलंस बाबा ते. म्हाताऱ्या आईची पाठ दुखते हे ध्यानात ठेवून भिंतीत ऊब ठेवलीस. मी शेजारणीला सांगितलं, माझ्या पोरानं माझ्यासाठी मुद्दाम तशी करून घेतली म्हणून. मुद्दामच केलीस ना?”

हो म्हणणं किती सोपं होतं. आईला काय कळणार होतं? वायरमन दारातून दुसरीकडे बघायला लागला.

“नाही, आई,” सोन्या म्हणाला. त्याचा आवाज घोगरा झाला होता. “मुद्दाम नाही केली. चुकून झालं ते. तुझ्या भिंतीत मी उरलंसुरलं घातलं, ते जळत होतं. तू त्याला टेकून बसत होतीस.”

आई एवढंच म्हणाली, “असं होय.” आणि शाल काढून तो डाग बोटानं चाचपून पाहू लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं सोन्याच्या चेहऱ्यावर लिहिलं होतं.

तो उठून बाहेर गेला. पिकअपच्या पुढच्या सीटखालून त्यानं नव्या वायरीचं बंडल काढलं, दुसऱ्या दिवशी कुठल्या तरी बंगल्याच्या कामावर न्यायचं होतं ते, अजून कागदात गुंडाळलेलं. आत येऊन दातांनी कागद फाडला आणि ते वायरमनच्या हातात दिलं. “आधी ही खोली,” तो म्हणाला. “मग ताईची. जोड एकही नको. लागला तर डबी. गिलावेवाल्याला मी बघतो. आणि मघाशी तुला नाही ते बोललो, ते मनावर घेऊ नकोस.” वायरमननं मान हलवली आणि छिन्नी उचलली.

भिंत फोडायची म्हणून आईला बाहेरच्या खोलीत आणलं. तेवढ्यात गाडी आली. लेक उतरली, तिच्या पाठोपाठ पेंटर, त्यांच्या केसांत अजून राखाडी टवके. लेकीनं दारातच विचारलं, “आई, बाबा म्हणतात हत्तीचं ऑपरेशन करावं लागलं. खरं?” बाईंनी तिला उत्तर द्यायच्या आधी नातीला घेतलं, तिचा मऊ वास घेतला, आणि मग आईच्या मांडीवर ठेवलं. पणजीनं पणतीकडे पाहिलं आणि बाकी सगळं विसरली. आतून छिन्नीचे घाव ऐकू येत होते. बाळ तरीही झोपलेलंच.

पण आई खोलीच्या मधोमध तिवईवर बसली होती, मागे टेकायला काही नाही. थोड्या वेळानं बाळाच्या वजनानं तिची पाठ वाकायला लागली. ती जरा कण्हली. बाई उशी आणायला उठणार, तोच सोन्या पुढे आला. त्यानं तिवईला लागून दुसरं स्टूल ठेवलं, आईकडे पाठ करून बसला, आणि आपली भली थोरली पाठ हळूच तिच्या पाठीला लावली.

“टेक, आई,” तो म्हणाला.

आई जपून मागे रेलली. मग सगळं अंग सोडलं. “ही भिंत बरी आहे,” ती बाळाला म्हणाली. “जरा घाम येतो तिला, पण बरी आहे.”

लेक हसली, पेंटर हसले. सोन्या हसला नाही आणि हललाही नाही. आतलं काम संपेपर्यंत तो तसाच बसून राहिला.